एक कळ, अनेक अक्षरें

इटलींतील रेज्जो एमिलिया या शहराच्या सरकारी दप्तरखान्यांत कांहीं जुनीं पत्रें जतन करून ठेवलेलीं आहेत. त्यांतील सर्वांत जुनें पत्र १८०८ सालचें आहे. पत्रें लिहिणारी बाई कॅरोलिना फान्तोनी ही फिव्हिझ्झानोची काउंटेस होती. सरदार घराण्यांतील एका स्त्रीनें पत्रें लिहावीं आणि तीं दोनशें वर्षें टिकावीं यांत नवल तें काय, असें कोणी म्हणेल. नवल पत्रांत नाहीं. तीं कशीं उमटलीं यांत आहे. कॅरोलिना अंध होती, आणि हीं पत्रें तिनें कोणास सांगून लिहवून घेतलेलीं नाहींत. एका यंत्राच्या कळा दाबून, एकेक अक्षर करून, तिनें तीं स्वतः उमटविलेलीं आहेत.

त्या काळीं अंध माणसास पत्र पाठवावयाचें झाल्यास दुसऱ्या कोणास जवळ बसवून मजकूर सांगावा लागे. देण्याघेण्याची गोष्ट असेल तर तें चालून जाई. परंतु मनांतील गुज असेल तर ज्याच्यासाठीं पत्र त्याच्या आधीं तें तिसऱ्याच्या कानीं पडे. ही अडचण ओळखून पेल्लेग्रीनो तुर्री या तिच्या स्नेह्यानें तिच्यासाठीं यंत्र तयार केलें. अक्षरास शाई कशी द्यावी हा प्रश्न त्यानें काजळी लावलेल्या कागदानें सोडविला. आज ज्याला कार्बन पेपर म्हणतात त्याचाच हा एक पूर्वज. तें यंत्र पुढें नाहींसें झालें. उरलीं तीं पत्रें.

टंकयंत्र म्हटलें कीं कचेरी, कारकून आणि साहेबांची सही डोळ्यांपुढें येते. संगणकाचा कळफलक म्हटला कीं तीच कचेरी, फक्त सामान नवें. परंतु या कळफलकाचा वंश शोधीत मागें गेलें तर मुळाशीं केवळ कारकून भेटत नाहीं. ज्यांना लेखणी चालवितां येत नव्हती असे लोक आणि त्यांचे हितचिंतक भेटतात. इंग्लंडांत हेन्री मिल यानें १७१४ सालीं अशा यंत्राची सनद घेतली होती खरी. पण तें प्रत्यक्ष चालल्याचा पुरावा नाहीं. जीं यंत्रें खरोखर चालूं लागलीं त्यांपैकीं आरंभींच्या कित्येकांच्या मागें अंधांची किंवा बहिऱ्यांची शाळा उभी आहे. पुढें व्यापारानें हें यंत्र उचललें आणि धडधाकट माणसाच्या दोन हातांच्या मापाचें केलें. ज्यांच्या अडचणींतून तें निघालें त्यांच्यापैकींच अनेक जण मग त्याच्यापुढें अडूं लागले. त्यांची वाट पुन्हा मोकळी होण्यास जवळजवळ एक शतक लागलें. ती मोकळी करणाऱ्या साधनांत एक अगदीं साधी युक्ति होती: माणसानें एक कळ दाबावी आणि यंत्रानें अनेक कळांचें काम करावें. संगणकाच्या परिभाषेंत या युक्तीस मॅक्रो असें म्हणतात.

तुर्रीनंतरची मोठी हालचाल पॅरिसच्या अंधशाळेंत झाली. लुई ब्रेल यानें १८२४ सालीं, वयाच्या पंधराव्या वर्षीं, सहा टिंबांची लिपि बसविली, आणि १८२९ सालीं ती पुस्तकरूपानें प्रसिद्ध केली. या लिपीमुळें अंध माणूस अंध माणसाशीं लिहूं लागला. परंतु घरचीं माणसें डोळस. त्यांना तीं टिंबें वाचतां येईनात. म्हणून ब्रेलनें १८३९ सालीं दुसरी एक पद्धति काढली. तींत नेहमींच्या रोमन अक्षरांचेच आकार टिंबा-टिंबांनीं कागदावर उठवावयाचे असत. एकेका अक्षरासाठीं अनेक टिंबें टोंचावीं लागत, त्यामुळें काम फार सावकाश चाले. तेव्हां पिएर फूको या त्याच्या मित्रानें एक यंत्र बनविलें. त्याचे दांडे दाबले असतां टिंबें आपोआप योग्य जागीं उमटत. फूको स्वतः अंध होता. ज्यास अडचण सोसावी लागते त्यानेंच तिच्यावर उपाय शोधावा, ही या इतिहासांत पुढें वारंवार दिसणारी गोष्ट येथें प्रथम स्पष्ट होते.

डेन्मार्कमध्यें कोपनहेगन येथें मूकबधिर मुलांची राजाश्रयानें चाललेली संस्था होती. १८६५ सालीं रास्मुस मॉलिंग-हान्सेन हा पाद्री तिचा प्रमुख झाला. मुलें बोटांच्या खुणांनीं एकमेकांशीं जितक्या त्वरेनें बोलतात तितक्या त्वरेनें लेखणी चालत नाहीं, हें त्याच्या ध्यानांत आलें. बोटांस एवढी गति आहे तर तिचा उपयोग लिहिण्याकडे कां न करावा? या विचारांतून त्याचा लेखनगोल निघाला. अर्ध्या चेंडूसारख्या पितळी घुमटावर बावन्न कळा टांचण्यांसारख्या खोंवलेल्या, आणि प्रत्येक कळ दाबली कीं खालीं कागदावर एक अक्षर! १८७० सालीं त्याला सनद मिळाली. पुढें १८८२ सालीं, डोळे अधू होत चाललेल्या फ्रीड्रिख नीत्शे या जर्मन तत्त्ववेत्त्यानें हेंच यंत्र मागवून घेतलें. तें प्रवासांत बिघडल्यामुळें त्याला फार दिवस वापरतां आलें नाहीं. तथापि लिहिण्यासाठीं डोळे कागदाला चिकटवावे लागूं नयेत ही त्याची गरज कॅरोलिनाच्या गरजेची बहीणच होती.

याच सुमारास अमेरिकेंत निराळा प्रवाह सुरू झाला. मिलवॉकी गांवच्या ख्रिस्तोफर शोल्स यानें कांहीं सहकाऱ्यांसह १८६८ सालीं टंकयंत्राची सनद घेतली, आणि बंदुका व शिवणयंत्रें करणाऱ्या रेमिंग्टन कंपनीनें १८७४ सालीं तें बाजारांत आणलें. पहिल्या यंत्रावर फक्त मोठीं अक्षरें निघत. १८७८ सालच्या दुसऱ्या नमुन्यांत लहान अक्षरेंही आलीं. त्यासाठीं शिफ्ट नांवाची एक कळ बसविण्यांत आली. ती एका बोटानें दाबून धरावयाची आणि त्याच वेळीं दुसऱ्या बोटानें अक्षराची कळ दाबावयाची. कळांची संख्या न वाढवितां अक्षरें दुप्पट झालीं. युक्ति उत्तम होती, यांत शंका नाहीं. परंतु तिच्या पोटांत एक न बोललेलें गृहीत होतें: लिहिणाराला दोन हात आहेत, आणि ते दोन्ही एकाच क्षणीं त्याचें ऐकतात.

एकाच वेळीं अनेक कळा दाबणें ही गोष्ट मुळांत वाईट नव्हे. अमेरिकेंतच जॅक्सनव्हिल येथील अंधशाळेचा प्रमुख फ्रँक हॉल यानें १८९२ सालीं ब्रेलचें लेखनयंत्र काढलें. त्यांत सहा टिंबांसाठीं सहा कळा होत्या. ज्या अक्षराचीं जीं टिंबें, त्यांच्या कळा एकदम दाबल्या कीं सबंध अक्षर एका क्षणांत उठे. जें अक्षर पूर्वीं टोंचणीनें टिंबागणिक उठवावें लागे, तें आतां एका दाबांत होऊं लागलें. भारतीय भाषांसाठीं १९५१ सालीं ठरलेली भारती ब्रेल लिपिही याच सहा टिंबांची आहे. त्यामुळें मराठी मजकूरही या सहा कळांवर लिहितां येतो. हॉलच्या यंत्रांत आणि शिफ्टच्या कळेंत फरक आहे तो एवढाच कीं, हॉलनें आधीं लिहिणाराकडे पाहिलें व मग कळा मांडल्या. शिफ्टमध्यें कळा आधीं मांडल्या गेल्या, आणि लिहिणारानें स्वतःला त्यांच्या बेतानें वळवून घ्यावें असें ठरलें.

हा फरक शब्दांनीं लहान वाटतो, पण अंकांत मांडला म्हणजे त्याचें वजन कळतें. धडधाकट टंकलेखक मिनिटास दोनशें कळा सहज दाबतो. त्याला एक कळ जास्त पडली काय आणि कमी पडली काय, सारखेंच. आतां असा माणूस मनांत आणावा कीं ज्याच्या मानेखालचें शरीर निश्चल आहे आणि जो दांतांत काडी धरून तिच्या टोंकानें कळा दाबतो. त्याला एका कळेस पांच सेकंद लागतात असें धरलें, तर तीनशें अक्षरांच्या साध्या पत्रास पंचवीस मिनिटें लागतील. आणि मोठें अक्षर काढावयाचें झालें तर? शिफ्टची कळ दाबून धरावयास दुसरी काडी नाहीं व दुसरें तोंडही नाहीं. म्हणजे एका ठिकाणीं वेळ जातो, आणि दुसऱ्या ठिकाणीं वाटच बंद होते. अपंगांसाठीं झालेल्या पुढील सर्व खटपटीचीं दोनच उद्दिष्टें होतीं: दाबांची संख्या कमी करणें, आणि दोन कळा एकदम दाबण्याची अट मोडणें.

पहिल्या उद्दिष्टाकडे नेणारें एक ठळक पाऊल इंग्लंडांत पडलें. स्टोक मँडेव्हिल येथील रुग्णालय पाठीच्या कण्यास इजा झालेल्यांच्या शुश्रूषेसाठीं प्रसिद्ध आहे. तेथें रुग्णांस भेटण्यास जाणाऱ्या रेज मेलिंग या गृहस्थाला १९६० सालीं असें दिसलें कीं, सर्वांगानें लुळ्या पडलेल्या रुग्णाजवळ मदत मागण्याचें साधन म्हणजे तोंडांत धरलेली एक शिट्टी, एवढेंच आहे. शिट्टीनें फक्त हांक मारतां येते; काय हवें तें सांगतां येत नाहीं. मेलिंगनें विचार केला कीं ज्या श्वासानें शिट्टी वाजते त्याच श्वासानें दिवा कां लागूं नये, दार कां उघडूं नये, टंकयंत्र कां चालूं नये? त्यानें आणि त्याच्या सहकाऱ्यांनीं पॉसम नांवाचें उपकरण केलें. त्याच्या इंग्रजी नांवाचा अर्थ रुग्णानें चालवावयाची निवडयंत्रणा असा होतो; आणि लॅटिन भाषेंत पॉसम या शब्दाचा अर्थ, मला शक्य आहे, असाही होतो. रुग्णानें नळींत फुंकावें किंवा ती ओढावी. त्या फुंकरीच्या व ओढीच्या क्रमावरून यंत्रानें ठरवावें कीं हें अमुक अक्षर किंवा ही अमुक आज्ञा. एका लहानशा हालचालीस मोठा अर्थ देण्याची ही रीत होती. संगणक घरोघर येण्यापूर्वीं वीस वर्षें मॅक्रोचें तत्त्व येथें कामाला लागलेलें दिसतें.

प्रत्यक्ष मॅक्रो हा शब्द मात्र दुसऱ्याच घरांतून आला. ग्रीक भाषेंत मॅक्रोस म्हणजे लांब किंवा मोठें. १९५० नंतरच्या दशकांत संगणकास सूचना लिहिणारे लोक त्याच त्याच दहा ओळी वारंवार लिहून कंटाळले. त्यांनीं अशा ओळींच्या जुडग्यास एक नांव द्यावयाचें ठरविलें. नांव लिहिलें कीं यंत्रानें त्या जागीं सगळ्या ओळी घालाव्या. एका आज्ञेंत अनेक आज्ञा सामावल्या म्हणून ती मोठी आज्ञा, म्हणजे मॅक्रो.

मराठी वाचकास ही कल्पना परकी वाटावयाची नाहीं. जुन्या पत्रलेखकांनीं मायन्यांत सा. न. वि. वि. एवढींच चार अक्षरें लिहावीं, आणि वाचणारानें साष्टांग नमस्कार विनंति विशेष असा पुरा अर्थ समजून घ्यावा, ही आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या चाललेली रीत आहे. भेद इतकाच कीं पत्रांतील संक्षेप वाचणाराला उलगडावा लागतो, आणि मॅक्रोचा संक्षेप यंत्रच उलगडून देतें. चार कळा दाबाव्या, आणि कागदावर सबंध मायना उभा राहावा! दांतांत काडी धरून लिहिणारास याचा अर्थ काय होतो, तें वरच्या हिशेबावरून सहज ध्यानांत येईल. आपलें नांव, पत्ता, नेहमींचीं उत्तरें, वैद्यास सांगावयाच्या गोष्टी, असे दहावीस संक्षेप बसवून ठेवले तर त्याचा अर्धा दिवस वांचतो.

कळफलकावरील मॅक्रोला खरें बाळसें आलें तें मॅसॅच्युसेट्स येथील एम्. आय्. टी. या संस्थेच्या प्रयोगशाळेंत. तेथें मजकूर लिहिण्या-सुधारण्यासाठीं टेको नांवाची आज्ञावली वापरीत. प्रत्येक हुशार विद्यार्थ्यानें स्वतःच्या सोयीचे मॅक्रो तयार केलेले होते, आणि एकाचे दुसऱ्यास समजत नसत. १९७६ सालीं गाय स्टील व रिचर्ड स्टॉलमन यांनीं ते एकत्र करून त्यांना एक सुसंगत रूप दिलें. त्याचें नांव ईमॅक्स; नांवांतच मॅक्रो आहे. लिहिणाऱ्यानें एकदां कळांचा क्रम करून दाखवावा, यंत्रानें तो लक्षांत ठेवावा, आणि पुढें एका खुणेसरशीं पुन्हा करून दाखवावा, अशी सोय त्यांत झाली. शागिर्दानें उस्तादाचा हात पाहून शिकावें तसें हें यंत्र माणसाचा हात पाहून शिकूं लागलें. ही सर्व खटपट धडधाकट, किंबहुना आळशी, माणसांनीं स्वतःच्या सोयीसाठीं केली होती. एवढेंच नव्हे, तर ईमॅक्समध्यें कंट्रोलची कळ दाबून धरून दुसरी कळ दाबण्याचे प्रकार इतके होते कीं पुढें कित्येकांचीं करंगळीं त्यामुळें दुखावलीं. तरीही याच आळसाच्या पोटीं जें साधन जन्मलें तें दुसऱ्या कोणास आधाराचें झालें.

दुसरी अट, म्हणजे दोन कळा एकदम दाबण्याची, घरगुती संगणकाबरोबर अधिकच कडक झाली. १९८१ सालीं आय्. बी. एम्. कंपनीचा लहान संगणक आला. तो अडला असतां पुन्हा सुरू करण्यासाठीं डेव्हिड ब्रॅडली या अभियंत्यानें तीन कळांचा एक जोड ठरविला: कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट. पहिला बेत एका हातानें जमण्याजोगा होता. परंतु चुकून धक्का लागून काम पुसलें जाऊं नये म्हणून मुद्दाम असा जोड निवडला कीं त्यास दोन हात लागावे. हेतु चांगला होता. पण एकाच्या सुरक्षिततेसाठीं घातलेलें कुंपण दुसऱ्यास भिंत कसें होतें, याचें याहून बोलकें उदाहरण मिळणें कठीण आहे. एका हाताच्या माणसाचा संगणक अडला तर त्यानें शेजाऱ्यास हांक मारावयाची! कॅरोलिनास पत्रासाठीं तिसरा माणूस लागे. दीडशें वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर तो तिसरा माणूस पुन्हा दारांत येऊन उभा राहिला.

या भिंतीला दार पाडण्याचें श्रेय मुख्यतः विस्कॉन्सिन विद्यापीठांतील ट्रेस केंद्रास आहे. १९७१ सालीं मॅडिसन गांवीं कांहीं विद्यार्थी सेरेब्रल पाल्सीनें पीडित अशा एका मुलासाठीं साधन बनवीत होते. मुलगा शहाणा, पण त्याला बोलतां येत नसे आणि हातही स्थिर राहत नसत. अक्षरांच्या पाटीवर त्यानें हात फिरवावा, आणि जेथें तो कांहीं वेळ टिकेल तेंच अक्षर त्याला अभिप्रेत आहे असें यंत्रानें मानावें, अशी योजना त्यांनीं केली. ग्रेग व्हँडरहायडन हे त्या विद्यार्थ्यांतील प्रमुख. पुढें त्यांनीं हेंच आपलें जीवितकार्य केलें.

त्यांच्या केंद्रानें संगणकासाठीं ज्या सोयी सिद्ध केल्या त्यांत स्टिकी कीज म्हणजे चिकटून राहणाऱ्या कळा ही पहिली. शिफ्ट किंवा कंट्रोल एकदां दाबून सोडली तरी ती दाबलेलीच आहे असें संगणक धरून चालतो, आणि पुढची कळ येईपर्यंत थांबतो. जें एकदम करावें लागे तें एकामागून एक करतां येऊं लागलें. दुसऱ्या एका सोयीनें क्षणभर लागलेला धक्का संगणक मनावर घेत नाहीं; कळ कांहीं वेळ दाबलेली राहिली तरच ती मोजतो. कंप असलेल्या हातास ही मोठीच सवलत होय. अॅपल कंपनीनें १९८७ सालीं आपल्या मॅकिंटॉश संगणकांत अशा सोयी मूळचाच भाग म्हणून घातल्या, आणि १९९५ च्या विंडोजमध्यें त्या घरोघर पोंचल्या. शिफ्टची कळ लागोपाठ पांच वेळां दाबली असतां विंडोजच्या पडद्यावर एक प्रश्न उमटतो. अनेकांना तो त्रास वाटतो व ते तो घाईनें बंद करतात. परंतु तो प्रश्न म्हणजे मॅडिसनमधील त्या मुलासाठीं झालेल्या खटपटीचा दूरचा पडसाद आहे.

मूळचाच भाग या दोन शब्दांचें महत्त्व ध्यानीं घेतलें पाहिजे. तोंवर अपंगांचीं साधनें वेगळीं विकत घ्यावीं लागत. तीं महाग असत, आणि दुसऱ्याच्या यंत्रावर बसलें असतां निरुपयोगी होत. अमेरिकेंत १९८६ सालीं पुनर्वसनाच्या कायद्यांत कलम ५०८ घालण्यांत आलें, आणि १९९८ सालीं तें अधिक कडक झालें. सरकारनें घ्यावयाचीं साधनें अपंगांसही वापरतां आलीं पाहिजेत असा त्याचा आशय. भारतांत २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें माहितीच्या साधनांबाबत तेंच कर्तव्य शासनावर घातलें. दया दाखविणें आणि हक्क मान्य करणें यांतील अंतर या कायद्यांनीं कांहींसें तोडलें.

अंधांची अडचण मात्र निराळी होती. कळा त्यांना दाबतां येत. पडद्यावर काय झालें तें कळत नसे. टेड हेन्टर हा अमेरिकन अभियंता मोटरसायकलच्या शर्यतींत धांवणारा. १९७८ सालीं मोटारीच्या अपघातांत त्याची दृष्टि गेली. १९८९ सालीं त्याच्या कंपनीनें जॉज नांवाची आज्ञावली काढली. ती पडद्यावरील मजकूर वाचून दाखवी. अशा आज्ञावली आणखीही होत्या. जॉजचा विशेष हा कीं तींत वापरणाऱ्याला आपले मॅक्रो बसवितां येत. एक कळ दाबली कीं हिशेबाच्या पत्रकांतील फक्त बेरीज ऐकूं यावी, दुसरी दाबली कीं पत्राचा फक्त विषय ऐकूं यावा, अशी व्यवस्था ज्याची त्यानें करावी. डोळस माणूस पान पाहतांच नको तें वगळतो. अंधाला तें वगळण्याची सत्ता मॅक्रोनें दिली.

या कामांत पुढचें पाऊल टाकणारा पुरुष महाराष्ट्रांत वाढला, ही येथील वाचकांस अभिमानाची गोष्ट आहे. टी. व्ही. रामन यांचें बालपण पुण्यांत गेलें. वयाच्या चौदाव्या वर्षीं काचबिंदूनें त्यांची दृष्टि गेली. पुण्याच्या नौरोसजी वाडिया कॉलेजांत गणिताची पदवी आणि मुंबईच्या आय्. आय्. टी. मध्यें पुढील शिक्षण घेऊन ते अमेरिकेंत कॉर्नेल विद्यापीठांत गेले. तेथें १९९४ सालीं त्यांनीं प्रबंध लिहिला तो गणिताचीं समीकरणें आवाजाच्या चढउतारांनीं ऐकूं येतील अशा आज्ञावलीविषयीं. ज्या ईमॅक्सची कथा वर आली, त्यालाच त्यांनीं १९९५ सालीं वाचा दिली आणि त्यास ईमॅकस्पीक असें नांव ठेविलें.

त्यामागील विचार मोलाचा आहे. सामान्य वाचक-आज्ञावली पडद्यावर दिसतें तें वाचते. दिनदर्शिका उघडली तर ती एक, दोन, तीन, चार असे नुसते आंकडे म्हणत सुटते. कारण पडद्यावर तेवढेंच असतें. डोळस माणूस स्तंभाकडे पाहून वार ओळखतो. अंधानें काय करावें? रामन यांनीं म्हटलें, पडदा वाचूं नका. जें काम चाललें आहे त्याचा अर्थ बोला. म्हणून ईमॅकस्पीक दिनदर्शिकेंतील तारखेवर येतांच वार, तारीख, महिना व साल असें पूर्ण बोलतें. आणि हें त्यांनीं केलें तें ईमॅक्सच्या मूळ रचनेस हात न लावतां. ती रचनाच अशी मोकळी होती कीं वापरणाराला तींत आपली भर घालतां यावी. दोघां डोळस माणसांनीं सोयीसाठीं दार उघडें ठेविलें, आणि एक अंध पुरुष त्यांतून आंत आला तो घराचा एक नवा मजला बांधूनच.

दाब कमी करण्याच्या युक्तीची परमावधि पहावयाची तर स्टीफन हॉकिंग यांच्या आयुष्याकडे पाहावें. १९६३ सालीं या शास्त्रज्ञास स्नायू क्षीण करणारा असाध्य रोग जडल्याचें कळलें. १९८५ सालीं जिनीव्हा येथें न्यूमोनिया झाला असतां प्राण वांचविण्यासाठीं गळ्यास छिद्र पाडावें लागलें आणि वाणी कायमची गेली. कांहीं काळ दुसऱ्यानें अक्षरांच्या तक्त्यावर बोट फिरवावें आणि योग्य अक्षर येतांच त्यांनीं भिंवई उचलावी, असें चाललें. तेव्हां कॅलिफोर्नियांतील वॉल्ट वोल्टोश यांनीं आपली आज्ञावली त्यांना पाठविली. ती त्यांनीं मूळ आपल्या सासूबाईंसाठीं केली होती. त्यांनाही तोच रोग होता. पडद्यावर शब्द क्रमानें उजळत जात, आणि हवा तो येतांच हातांतील एकच कळ दाबावयाची. या एका कळेवर हॉकिंग यांना मिनिटास पंधरा शब्दांपर्यंत मजल मारतां येई. १९८८ सालीं प्रसिद्ध झालेलें त्यांचें काळाचा संक्षिप्त इतिहास सांगणारें पुस्तक त्यांनीं याच साधनानें पुरें केलें.

पुढें हातही गेला. मग गालाच्या एका स्नायूची हालचाल चष्म्याला लावलेलें उपकरण टिपूं लागलें, आणि तीच कळ झाली. तोही स्नायू थकला तेव्हां गति मिनिटास एका शब्दावर आली. त्या वेळीं इंटेल कंपनीच्या अभियंत्यांनीं नवी व्यवस्था बसविली. तींतील आज्ञावलीनें हॉकिंग यांचेंच लेखन वाचून त्यांची शब्दांची संवय शिकून घेतली होती. एक शब्द निवडला कीं पुढचा ती सुचवी. कृष्णविवर हा त्यांचा नित्याचा शब्द तर एकही अक्षर न लिहितां उमटे. २०१५ सालीं ही आज्ञावली सर्वांसाठीं विनामूल्य खुली झाली. २०१८ सालीं हॉकिंग निवर्तले.

येथें एक नाजूक प्रश्न उभा राहतो. यंत्रच शब्द सुचवूं लागलें, तर बोलणें कोणाचें? सा. न. वि. वि. लिहिणारास पुढें काय उमटेल हें ठाऊक असतें, कारण तो संक्षेप त्याचा किंवा त्याच्या समाजाचा असतो. त्याप्रमाणेंच मॅक्रोही वापरणाऱ्यानें स्वतः ठरविलेला असतो. सूचना मात्र बाहेरून येते, आणि थकलेला माणूस मनांतल्या शब्दाऐवजीं जवळचा शब्द स्वीकारूं शकतो. म्हणून सूचना दिली तरी निवड माणसाच्या हातीं, मग ती एका स्नायूच्या हालचालीएवढी कां असेना, राहिली पाहिजे. हॉकिंग यांनीं अधिक चांगले कृत्रिम आवाज उपलब्ध असतांही आपला पहिलाच यांत्रिक आवाज अखेरपर्यंत ठेविला. त्याला ते आपला आवाज मानीत. त्यांत हाच आग्रह दिसतो.

मॅक्रोची आणखी एक मर्यादा सांगितली पाहिजे. तो ठराविक क्रम पाठ करतो. ज्या आज्ञावलीवर तो चालतो तिची मांडणी बदलली कीं पाठ चुकतो. नव्या आवृत्तीनें एखादें बटण इकडचें तिकडे केलें, कीं डोळस माणूस क्षणभर शोधतो व पुढें जातो. अंधाचे किंवा लुळ्या माणसाचे महिन्यांच्या मेहनतीनें बसविलेले मॅक्रो मात्र एका रात्रींत निकामी होतात. शिवाय मॅक्रो बसविण्यास थोडें ज्ञान लागतें आणि पैसाही लागूं शकतो. पैशाचा प्रश्न ऑस्ट्रेलियांतील मायकेल करन या अंध तरुणानें कांहीं अंशीं सोडविला. २००६ सालीं त्यानें एन्. व्ही. डी. ए. ही वाचक-आज्ञावली लिहावयास घेतली, आणि ती सर्वांस फुकट दिली. फूकोपासून रामन-करनपर्यंत पाहिलें तर या इतिहासांतील कित्येक महत्त्वाचे टप्पे, ज्यांना साधन हवें होतें त्यांनींच गांठले आहेत. कळफलक बनविणाऱ्यांचें काम त्यांना दार उघडें ठेवण्याचें. दार बंद केलें तर ते बाहेर राहतात, आणि त्यांच्याबरोबर त्यांनीं बांधलेला तो नवा मजलाही बाहेर राहतो.

रेज्जो एमिलिया येथील पत्रांतून तुर्रीच्या यंत्राविषयीं फार थोडें कळतें. परंतु एक गोष्ट निश्चित कळते. तीं पत्रें सांगणारी व लिहिणारी एकच होती. मध्यें कोणी नव्हतें. दोन शतकांत कळा बदलल्या, पितळेच्या प्लास्टिकच्या झाल्या, दांड्यांचें काम विजेनें आणि बोटांचें काम श्वासानें किंवा गालानें केलें. एका कळेंत किती अक्षरें मावतील याचा हिशेबही पुष्कळ पुढें गेला. पण तो हिशेब सुरू झाला तो एका स्त्रीला आपलें पत्र स्वतः लिहावयाचें होतें म्हणून, आणि आजही नवें यंत्र घडविणाऱ्यास प्रथम विचारावयाचा प्रश्न तोच आहे: हें वापरतांना कोणास तिसरा माणूस बोलवावा लागेल?